स्टुडिओ बुडाला, मग चित्रे कुणाची?

लेखमाला : पडद्यामागचे हक्क – भाग 6

29 मे 2024 रोजी गायनॅक्स या जपानी ॲनिमेशन कंपनीने टोकियो जिल्हा न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दिला आणि 7 जूनला ते जाहीर केले. बातमी वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच पहिला प्रश्न आला असेल तो 'निऑन जेनेसिस इव्हँगेलियन'चा. ज्या मालिकेमुळे या कंपनीचे नाव जगभर झाले, तिचे आता काय होणार? उत्तर दिलासा देणारे होते. मालिकेला धक्का लागणार नव्हता, कारण तिचे हक्क दिवाळखोरीच्या पुष्कळ आधी दुसरीकडे गेले होते. बाकीच्या कलाकृतींच्या वाट्याला काय आले, हे आज पाहायचे आहे.

गेल्या आठवड्यात आपण निर्मिती समितीची पद्धत समजून घेतली. प्रकाशक, दूरचित्रवाणी वाहिनी, संगीत कंपनी, जाहिरात संस्था, खेळणी बनवणारे असे पाच-सात जण पैसे घालतात आणि त्या प्रमाणात हक्क वाटून घेतात. चित्रे काढणारा स्टुडिओ बहुतेक वेळा ठरलेल्या रकमेवर काम करून देणारा ठेकेदार असतो. असा स्टुडिओ बंद पडला तर माणसांची रोजीरोटी जाते, पण मालिकेच्या मालकीत काडीचा फरक पडत नाही, कारण ती मालकी त्याच्याकडे कधी नव्हतीच. गायनॅक्सचे तसे नव्हते. तिच्या नावावर काही हक्क खरोखर होते आणि म्हणूनच तिची पडझड जास्त धोक्याची होती.

या कंपनीचे मूळ ओसाकातल्या विज्ञानकथाप्रेमी विद्यार्थ्यांत आहे. हिदेआकी आन्नो, हिरोयुकी यामागा, ताकामी आकाई ही ओसाका कला विद्यापीठातली मुले. 1981 आणि 1983 साली ओसाकात भरलेल्या विज्ञानकथा संमेलनांसाठी त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी उद्घाटनाच्या छोट्या ॲनिमेशन फिती बनवल्या. दुसऱ्या फितीत त्यांनी आपल्या आवडीची कितीतरी परकी पात्रे आणली आणि इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या ब्रिटिश बँडचे गाणे परवानगी न घेता वापरले. त्यामुळे पुढे ती फीत डीव्हीडीवर अधिकृतपणे आणता आली नाही. आजही ॲनिमेच्या इतिहासात तिचे नाव आदराने घेतले जाते, पण ती रीतसर विकत घेता येत नाही. हक्क म्हणजे नंतर वकिलांनी बघायची गोष्ट, अशी त्या वयातली समजूत होती. पुढे कंपनी मोठी झाली तरी तिच्या कारभारातून ती समजूत पुरती गेली नाही, असे मला वाटते.

डिसेंबर 1984 मध्ये गायनॅक्सची स्थापना झाली ती एकाच चित्रपटासाठी. खेळण्यांच्या व्यवसायातल्या बंदाईने पैसे घातले, चोविशीच्या आसपासच्या यामागाने दिग्दर्शन केले आणि मार्च 1987 मध्ये 'रॉयल स्पेस फोर्स' पडद्यावर आला. चित्रपट पुरा झाला की कंपनी गुंडाळायची असे ठरले होते. पण डोक्यावर कर्ज राहिले, ते फेडायला पुढचे काम घ्यावे लागले आणि कंपनी चालू राहिली. संगणकावरचे खेळ आले, एनएचके वाहिनीसाठी 'नादिया' आली आणि 4 ऑक्टोबर 1995 पासून टीव्ही टोकियोवर 'इव्हँगेलियन'चे 26 भाग झाले.

यशानंतर माणसे निघू लागली. 2006 मध्ये आन्नोने 'कारा' ही स्वतःची कंपनी काढली. 2011 मध्ये हिरोयुकी इमाइशी आणि मासाहिको ओत्सुका यांनी बाहेर पडून 'ट्रिगर' सुरू केली. मागे उरलेल्या गायनॅक्सचे काय झाले ते दिवाळखोरीच्या निवेदनात स्पष्ट लिहिले आहे. उपाहारगृहांचा फसलेला धंदा, नियोजनाशिवाय काढलेली संगणकीय चित्रणाची कंपनी, संचालकांना वैयक्तिकरीत्या दिलेली मोठी विनातारण कर्जे, कलाकृतींमधली बुडीत गुंतवणूक. या यादीत वाईट चित्रे काढल्याचा उल्लेख कुठेही नाही. चित्रकारांच्या हातात दोष नव्हता. दोष तिजोरी सांभाळणाऱ्यांचा होता आणि त्याची किंमत चित्रांना मोजावी लागण्याची वेळ आली होती.

2014 मध्ये काराने या जुन्या घराला दहा कोटी येन कर्जाऊ दिले. पैसे परत येईनात. 2016 मध्ये प्रकरण न्यायालयात गेले आणि जून 2017 मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने गायनॅक्सला ती रक्कम फेडण्याचा आदेश दिला. डिसेंबर 2019 मध्ये कंपनीच्या तत्कालीन प्रमुखाला एका गंभीर फौजदारी गुन्ह्यात अटक झाली, तेव्हा तर पत साफ गेली.

आता थोडा कायदा पाहू. त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

जपानच्या स्वामित्वहक्क कायद्यातले 29 वे कलम म्हणते की चित्रपटाचे आर्थिक हक्क निर्मितीची जबाबदारी घेणाऱ्याकडे, म्हणजे बहुधा कंपनीकडे जातात. दिग्दर्शकाकडे उरतात ते नैतिक हक्क. त्याचे नाव लागले पाहिजे, त्याच्या कामाची मोडतोड होता कामा नये, एवढेच. हे नैतिक हक्क विकता येत नाहीत, पण त्यांच्यावर पोटही भरत नाही. भारतातही कायदा चित्रपटाचा कर्ता मानतो तो निर्मात्याला. म्हणजे ज्याने पात्राचा चेहरा पहिल्यांदा कागदावर उतरवला, त्याला त्या चेहऱ्याचे पुढे काय होते हे ठरवण्याचा अधिकार असेलच असे नाही. कंपनी दिवाळखोर झाली की न्यायालय एक प्रशासक नेमते. तो सहसा वकील असतो. टेबल, खुर्च्या, संगणक आणि कलाकृतींचे हक्क हे सगळे त्याच्या लेखी देणी भागवण्यासाठी विकायची मालमत्ता. तो जास्तीत जास्त किंमत देणारा शोधतो. ते त्याचे कर्तव्यच आहे. घेणाऱ्याला त्या कलाकृतीची कदर आहे का, हे पाहणे त्याचे काम नाही.

परवानाधारकांची अडचण आणखी वेगळी होती. समजा, एखाद्या वितरकाने स्टुडिओकडून पाच वर्षांचा परवाना घेतला आणि मध्येच हक्कांचा मालक बदलला. जपानमध्ये बरीच वर्षे नवा मालक जुना परवाना मानायला बांधील नव्हता. 1 ऑक्टोबर 2020 पासून कायदा बदलला. आता आधी दिलेला परवाना नव्या मालकासमोरही टिकतो, त्यासाठी वेगळी नोंदणी लागत नाही. गायनॅक्सची दिवाळखोरी या बदलानंतरची आहे.

आणखी एक कलम फारसे कुणाच्या लक्षात नसते. 62 व्या कलमानुसार हक्कधारक कंपनी विसर्जित झाली आणि हक्क सरकारजमा व्हायची वेळ आली, तर स्वामित्वहक्क संपुष्टात येतो आणि कलाकृती सर्वांची होते. पण प्रत्यक्षात बहुतेक हक्क त्याआधीच कुणीतरी घेतो. खरा घात होतो तो कागद हरवल्यामुळे. करारपत्र कुठे आहे, सही कुणाची, गाण्याचे हक्क कुणाकडे, याचा पत्ता लागत नाही. मालिका कायद्याने जिवंत असते, पण ती दाखवायची परवानगी मागायला दार सापडत नाही.

गायनॅक्सच्या बाबतीत हे टळले ते 2020 नंतरच्या चार वर्षांमुळे. अटकेनंतर नवे संचालक मंडळ आले. कारा, ट्रिगर, कादोकावा आणि किंग रेकॉर्ड्स यांच्या साहाय्याने ते कामाला लागले. कर्जाचा आकडा पाहून कंपनी वाचणार नाही हे दिसत होते. तरी त्यांनी एकेका कलाकृतीचे हक्क योग्य मालकांकडे आणि निर्मात्यांकडे पोचवायचे काम हाती घेतले. ज्यांचे पैसे बुडाले होते, ज्यांनी वैतागून घर सोडले होते, तीच माणसे परत येऊन हिशेब लावत बसली. मला ही या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. दिवाळखोरीचा अर्ज पडला तोवर बरीच आवराआवर झाली होती. 'गायनॅक्स' हे नाव आणि बोधचिन्हदेखील काराने आपल्याकडे घेतले, म्हणजे ते उद्या कुणी भलत्याच मालावर लावू शकणार नाही.

काही हक्क त्याआधीही हललेले होते. 'एफएलसीएल' या मालिकेचे हक्क 2015 मध्ये प्रॉडक्शन आय.जी.ने घेतले आणि 2018 मध्ये तिथून पुढचे दोन भाग निघाले. 'पँटी अँड स्टॉकिंग' ही इमाइशीची 2010 मधली मालिका ऐन उत्कंठेच्या टोकावर संपली होती. दुसऱ्याच वर्षी दिग्दर्शकाने कंपनी सोडली आणि पात्रे मागे राहिली. ट्रिगरने तिचे हक्क मिळवल्याचे 2022 मध्ये जाहीर झाले आणि जुलै 2025 मध्ये नवी मालिका सुरू झाली. ज्यांनी गोष्ट अर्धी सोडली होती, त्यांनाच ती पुढे नेता आली.

परदेशातल्या प्रेक्षकाला मात्र हक्कांच्या या गुंत्याचा त्रास बराच सोसावा लागला. अमेरिकेत 'इव्हँगेलियन' आणली एडीव्ही फिल्म्सने. 2009 मध्ये ती कंपनीच बंद झाली. त्यानंतर बरीच वर्षे मूळ मालिका तिथे अधिकृतपणे मिळणे मुश्कील झाले. जून 2019 मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली तेव्हा जपानबाहेरच्या प्रेक्षकांना शेवटच्या नामावलीत 'फ्लाय मी टू द मून' ऐकू आले नाही, त्या जागी पियानोची धून होती. चित्रांचा परवाना आणि गाण्याचा परवाना वेगवेगळे असतात, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळले. प्रत्येक भाग ज्या गाण्यावर मिटतो, ते गाणे काढले की मालिका अपुरी वाटते. माझ्या मते ती उणीव आजही भरून निघालेली नाही.

कागदोपत्री हक्कांइतकीच दुसरी एक ठेव असते. मूळ रेखाटने, पार्श्वचित्रे, पात्रांचे आराखडे. कंपनी कोसळते तेव्हा हे गठ्ठे कुठे जातात याची नोंद सहसा राहत नाही. आन्नोने 2017 मध्ये ॲनिमे आणि विशेष दृश्यपरिणामांच्या चित्रपटांचे साहित्य जपणारी ना-नफा संस्था उभी केली. फुकुशिमा प्रांतातल्या सुकागावा शहरात 2020 पासून अशा विशेष दृश्यपरिणामांच्या साहित्याचे संग्रहालय आहे. हे काम खरे तर सरकारचे किंवा मोठ्या वाहिन्यांचे. ते एका दिग्दर्शकाला करावे लागले, याचा खेद वाटतो.

आणि एक हिशेब सांगितलाच पाहिजे. काराने 2007 ते 2021 या काळात 'इव्हँगेलियन'चे चार नवे चित्रपट काढले आणि त्यांत स्वतःचे भांडवल घातले. शेवटच्या चित्रपटाने एकट्या जपानमध्ये एक हजार कोटी येनांहून अधिक गल्ला जमवला. पात्रे तीच, दिग्दर्शकही तोच आन्नो. फरक एवढा की या वेळी हक्क चित्रकारांच्या कंपनीकडे होते आणि मिळालेला पैसा पुढच्या कामाकडे वळला. स्टुडिओंनी थोडे का होईना, स्वतःचे भांडवल घालून हक्कांत वाटा मागितला पाहिजे आणि समितीतल्या बड्या भागीदारांनी तो दिला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. सगळ्याच स्टुडिओंकडे आन्नोसारखे जुने सहकारी नसतात.

पुढच्या आठवड्यात मँग्लोबकडे वळू. हा स्टुडिओ 2015 मध्ये बुडाला तेव्हा त्याच्या हातात एक अर्धा चित्रपट होता. तो पुरा करण्यासाठी एका निर्मात्याला नवा स्टुडिओच काढावा लागला.