भरवेलीचा काळा दगड आणि किरणांची बंदूक

भरवेलीचा मँगनीजचा दगड दिसायला मुठीएवढा, पण उचलताना मनगटाला त्याचे वजन कळते. त्यातले मुख्य खनिज ब्रॉनाइट पाण्याच्या साडेचार पटींहून जड आहे. बालाघाट शहराला लागूनच ही खाण आहे. नागपूर, भंडारा, बालाघाट असा हा एकच मँगनीजचा पट्टा. 1896 साली इथे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट आली, 1962 मध्ये मॉयल (मँगनीज ओर इंडिया लिमिटेड) झाली, आणि कारभार नागपुरातून चालत राहिला.

या पट्ट्याचे दगड भूवैज्ञानिक लुईस ली फर्मर यांनी हातोडा आणि सूक्ष्मदर्शक घेऊन वाचले. त्यांचा भारतातल्या मँगनीजवरचा ग्रंथ 1909 चा. क्वार्ट्झ आणि स्पेसर्टाइट गार्नेट यांच्या इथल्या खडकाला त्यांनी गोंडांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले.

आज हातात धरण्याजोगे क्ष-किरण यंत्र मिळते. आकार ड्रिल मशीनसारखा. दगडाला टेकवून घोडा दाबायचा. क्ष-किरण अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात, वरचा त्या जागी उतरतो, आणि सुटणाऱ्या किरणाची ऊर्जा मूलद्रव्य सांगते. हा नियम मोस्लेने 1913 मध्ये मांडला. मँगनीजची मुख्य रेषा 5.90 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टवर, लोहाची 6.40 वर. पण मँगनीजचीच दुसरी रेषा 6.49 वर येते, लोहाला जवळजवळ चिकटून. म्हणून मँगनीजने भरलेल्या दगडातले थोडेसे लोह मोजताना फार जपावे लागते.

खरी अडचण मात्र गोंडाइटचीच. शुद्ध ब्रॉनाइटमध्ये मँगनीज सुमारे 63 टक्के, स्पेसर्टाइटमध्ये 33. आता पडद्यावर 32-33 आले, तर काय समजायचे? निम्मे ब्रॉनाइट आणि निम्मे क्वार्ट्झ असले, तरी आकडा जवळपास तोच. ब्रॉनाइट-क्वार्ट्झचा दगड दळून, ब्रॉनाइट वेगळे करून कामी आणता येईल. गार्नेटमधले मँगनीज मात्र सिलिका-अ‍ॅल्युमिनाच्या जाळ्यात जखडलेले. यंत्र मूलद्रव्ये मोजते, खनिजे ओळखत नाही. दोन्हींतला फरक सांगते ते अ‍ॅल्युमिनियम, आणि नेमके त्याचेच किरण इतके दुबळे, की दगड आणि यंत्र यांच्यातली हवाच ते गिळते. दगड नीट टेकला नाही, तर जी खूण हवी तीच हरवते.

शिवाय मँगनीजचे बहुतेक किरण केसाच्या जाडीएवढ्या थरातूनच बाहेर येतात. उघड्यावर राहिलेल्या गोंडाइटवर मँगनीजच्या ऑक्साइडची काळी साय चढलेली असते. तिच्यावर बंदूक टेकवली, तर मोजली जाते ती साय.

म्हणून आधी हातोडा. दगड फोडून ताजे तोंड काढायचे, मगच मोजायचे. नेमका आकडा हवा असेल, तर दगड वाळवून, बारीक दळून, त्याच खाणीच्या, प्रयोगशाळेत तपासलेल्या नमुन्यांशी यंत्र जुळवून घ्यायचे. आणि ताज्या तोंडावर भिंग धरायचे. पांढऱ्या क्वार्ट्झमध्ये नारिंगी-तपकिरी दाणे चमकले, तर पडद्यावरचा आकडा काहीही असो, हातातला दगड फर्मरचा गोंडाइट.