विमान नेमकं अडतं कुठे?

१९८०च्या दशकात आयबीएम पीसीसारखे दिसणारे, त्याच्यासारखे चालण्याचा दावा करणारे कितीतरी संगणक अमेरिकेच्या बाजारात आले. त्यांतला कोणता खरोखर आयबीएमशी जुळतो हे पाहायला जाणकार दोन प्रोग्राम लावून बघत: लोटस १-२-३ आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. दोन्ही प्रोग्राम थेट यंत्राच्या अंतर्भागाशी बोलत, त्यामुळे जुळणीतली बारीक खोटही लगेच उघडी पडे. तेव्हापासून घरच्या संगणकाची परीक्षा घ्यायचं काम या सिम्युलेटरकडे आहे. परीक्षेचा विषय मात्र दर काही वर्षांनी बदलत गेला, आणि त्या बदलाचाच हा मागोवा.

विमान कुठे अडतं हे सुरुवातीला शोधण्यासारखं फारसं नव्हतं. ब्रूस आर्टविक यांनी १९७५ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या प्रबंधात संगणकावर उड्डाणाचं चलचित्र कसं काढता येईल ते मांडलं, आणि १९८०च्या सुमारास त्यांच्या सबलॉजिक कंपनीचा सिम्युलेटर ॲपल टू वर उतरला. त्या संगणकाचा प्रोसेसर जेमतेम १ मेगाहर्ट्‌झचा. रेषांची जमीन, रेषांचे डोंगर, आणि सेकंदाला मोजकीच चित्रं, म्हणजे फ्रेम्स. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नावाने पीसीवर आलेल्या आवृत्तीला ४.७७ मेगाहर्ट्‌झ मिळाले. अडतं कुठे, याचं उत्तर उघड होतं: प्रोसेसरवर. नवा संगणक घेतला की चित्रं वाढत, आणि पुढची वीसेक वर्षं हा हिशेब बहुतांशी बरोबर येत राहिला.

तो चुकला ऑक्टोबर २००६ मध्ये, फ्लाइट सिम्युलेटर एक्स आल्यावर. प्रोसेसरचा वेग चढतच राहणार असं सगळे धरून चालले होते, त्या काळात या आवृत्तीची पायाभरणी झाली. पण पेंटियम ४ ची घोडदौड ३.८ गिगाहर्ट्‌झवर थांबली. उष्णता आवरेना, म्हणून २००४ मध्ये इंटेलने पुढचा 'तेजस' प्रोसेसर रद्द केला आणि एका चिपवर दोन, मग चार कोअर बसवण्याचा रस्ता धरला. सिम्युलेटरचं मुख्य काम मात्र एकाच थ्रेडवर, म्हणजे एकाच कोअरवर, चालत होतं. पंगतीत वाढपी कितीही वाढवले तरी भात एकाच चुलीवर शिजत असेल तर पानं रिकामीच राहणार, तशी गत झाली.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून महागडं ग्राफिक्स कार्ड आणणाऱ्या अनेकांना त्या वर्षांत हा अनुभव आला. कार्ड बदललं, पण मोठ्या विमानतळावर फ्रेम्स होत्या तिथेच. टास्क मॅनेजर उघडावा तर चार कोअरच्या प्रोसेसरचा वापर तीस टक्क्यांच्या आत दिसायचा, म्हणजे प्रोसेसर निवांत आहे असं वाटायचं. खरं तर एक कोअर पूर्ण थकलेला आणि उरलेले जवळजवळ मोकळे असत. सरासरीचा हा आकडा जितका दिशाभूल करतो तितकं दुसरं काही करत नाही, असं माझं ठाम मत आहे. २००७च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने जमिनीची चित्रं लोड करण्याचं काम इतर कोअरवर वाटलं. त्याने धूसर जमिनीची तक्रार कमी झाली, पण मुख्य थ्रेडवरचं ओझं तसंच राहिलं. पुढे जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा सिम्युलेटर घडवणारा एसेस स्टुडिओच बंद केला. तरी लोक त्याच प्रोग्रामवर वर्षानुवर्षं उडत राहिले आणि त्याच्या कॉन्फिग फाइलमधल्या एकेका ओळीवर प्रयोग करत राहिले.

त्या काळाची दुसरी भिंत स्मरणशक्तीची. ३२ बिटचा प्रोग्राम ४ जीबीपलीकडचा पत्ता ओळखू शकत नाही, मग संगणकात १६ जीबी रॅम असो. बारकाईने बनवलेलं जेट आणि त्यावर मोठ्या शहराचं ज्यादा सीनरी पॅक असं जोडून तासन्‌तास उडावं, आणि धावपट्टी समोर दिसत असताना प्रोग्राम बंद पडावा, हे तेव्हा नेहमीचं होतं. फ्रेम्स मोजून ही भिंत दिसत नसे, कारण शेवटच्या क्षणापर्यंत फ्रेम्स उत्तम असत. एक्स-प्लेन आणि २०१७ मध्ये प्रीपार्ड थ्रीडी हे दुसरे सिम्युलेटर ६४ बिटवर गेले तेव्हा ती पडली.

अडसर नेमका कुठे आहे हे शोधण्याच्या चाचणीसाठी मी एकच उड्डाण ठरवून ठेवलं आहे: सेस्ना १७२, जुहूहून निघून खोपोली-खंडाळ्यावरून लोहगाव. वेळ तीच, ढग तेच, उंची तीच. मुंबईच्या दाट वस्तीवर प्रोसेसरचा कस लागतो. घाटात पावसाळी ढग लावले की ग्राफिक्स कार्डाचा. पुढे पठारावर दोघांनाही उसंत मिळते. दर वेळी बदलायची ती एकच गोष्ट. पहिली पायरी रिझोल्यूशनची: ३८४०×२१६० वरून १९२०×१०८० वर आणलं की कार्डाचं पिक्सेलांचं काम एक चतुर्थांश होतं. तेवढ्याने फ्रेम्स वाढल्या तर अडसर कार्डाचा. हलल्याच नाहीत तर कार्डाला दोष देऊ नये. अशा वेळी मी उलट दिशेने जातो, रिझोल्यूशन आणि ढगांचा दर्जा वाढवतो, कारण कार्डाची ती ताकद एरवी वायाच जात असते. जमिनीचा तपशील किती दूरपर्यंत दिसावा ही सेटिंग आणि विमानतळावरची वर्दळ मात्र मुख्य थ्रेडच्या खात्यात जातात. ग्लास कॉकपिट, म्हणजे पडद्यांवर माहिती दाखवणारं कॉकपिटसुद्धा तिथेच भार टाकतं, म्हणून एअरबसच्या कॉकपिटमध्ये बसल्यावर सेस्नाचे आकडे विसरावे लागतात.

१८ ऑगस्ट २०२० रोजी असोबो स्टुडिओने मायक्रोसॉफ्टसाठी बनवलेला नवा फ्लाइट सिम्युलेटर आला. दोन पेटाबाइटहून अधिक नकाशे सर्व्हरवर, आणि उडाल तिथली जमीन इंटरनेटवरून घरी. त्याच्या डेव्हलपर मोडमधला फलक अडसर नाव घेऊन सांगतो: 'लिमिटेड बाय मेन थ्रेड'. चौदा वर्षांनीही तोच थ्रेड! जुलै २०२१च्या पाचव्या अपडेटने प्रोसेसर आणि रॅम दोन्हींवरचा भार खूप हलका केला. ते अपडेट आलं त्याच दिवशी हा सिम्युलेटर एक्सबॉक्सवर येणार होता आणि तिथे रॅम मर्यादित, म्हणून ही काटकसर घडली असं मी मानतो. तिची किंमतही दिसली: मान वळवली की नजरेबाहेरची घरं-झाडं डोळ्यांदेखत उगवायची. नजरेबाहेरचा भूभाग तयार ठेवण्याची सेटिंग नंतर द्यावी लागली.

या सगळ्या प्रवासातला मला सर्वांत बोलका वाटलेला पुरावा एप्रिल २०२२चा. एएमडीचा रायझन ७ ५८००एक्सथ्रीडी घड्याळाच्या वेगात आपल्याच ५८००एक्स भावापेक्षा मागे होता. पण त्याची एल-थ्री कॅशे, म्हणजे प्रोसेसरवरचीच जलद मेमरी, ३२ ऐवजी ९६ एमबी होती, आणि फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तो स्पष्टपणे पुढे गेला. म्हणजे मुख्य थ्रेड इतकी वर्षं निव्वळ गणितात गुंतलेला नव्हता, रॅममधून माहिती येण्याची वाट पाहण्यातही त्याचा मोठा वेळ जात होता. ओव्हरक्लॉकिंगवर खर्च केलेल्या वर्षांकडे त्या चिपनंतर वेगळ्या नजरेने पाहावं लागतं.

त्याच वर्षी मोजमापाचा अर्थही बदलला. एनव्हिडियाच्या फ्रेम जनरेशनने दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक रचलेलं चित्र घालायला सुरुवात केली. फलकावर आकडा जवळपास दुप्पट दिसतो आणि डोळ्यांना सुखही वाटतं. पण विमानाचं गणित पूर्वीच्याच गतीने होतं, आणि योक ओढल्यावर मिळणाऱ्या प्रतिसादाचा वेळ कमी होत नाही. म्हणून चाचणीच्या वेळी मी ही सोय बंद ठेवतो आणि फ्रेम्सऐवजी एका फ्रेमला लागणारे मिलिसेकंद पाहतो. ६० फ्रेम्स म्हणजे प्रत्येकी सुमारे १६.७ मिलिसेकंद, ३० म्हणजे ३३.३. स्थिर ३३ मला चालतात. १६ वरून मध्येच ८० वर उडी मारणारा आलेख चालत नाही, विशेषतः उतरताना, जमिनीपासून शंभर फुटांवर.

१९ नोव्हेंबर २०२४ रोजी पुढची आवृत्ती आली. काम अधिक थ्रेडवर वाटलेलं, संगणकावर उतरवायचा भाग आटोपशीर, आणि विमानांसकट बरीच सामग्री सर्व्हरवरून येणारी. पहिल्या दिवशी जगभरच्या गर्दीने सर्व्हर कोलमडले आणि भक्कम संगणक बाळगणारेही लोडिंगच्या पट्टीवर अडकून राहिले. तेव्हापासून जुहू-लोहगावच्या नोंदीत मिलिसेकंदांच्या शेजारी मी इंटरनेटचा वेग आणि उड्डाणाची वेळही लिहितो. एका सकाळचं उड्डाण त्याच दिवशी रात्री, तीच सेटिंग ठेवून, पुन्हा करतो. घाटातली जमीन दोन्ही वेळा सारखीच स्पष्ट दिसली तर आकडे ग्राह्य धरतो, नाहीतर ते उड्डाण तुलनेतून वगळतो.