बसवाल्या काकांची स्वमग्नता

सकाळी पावणेसहाला बस सुरू करण्याआधी तो गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारतो. टायर, दिवे, आरसे, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी. क्रम रोज तोच. शेवटचे मूल उतरले की मागच्या बाकापर्यंत जाऊन प्रत्येक सीटखाली वाकून पाहतो. थांब्यावर कुणी ‘काय काका, कसं काय?’ म्हटले, तर समोर बघूनच ‘हं’ म्हणतो. पालकांना वाटते, माणूस शिष्ट आहे. बसमालक म्हणतो, गाडी चोख चालवतो, पण ऐनवेळी रस्ता बदलायला सांगितला की बिथरतो.

असा चालक कोणत्याही शहरात असू शकतो. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असेल हे मात्र कुणाच्या मनात येत नाही. त्याच्या स्वतःच्याही नाही. आज चाळिशी-पन्नाशीत असलेली माणसे लहान होती तेव्हा बोलू लागलेल्या, शाळेत जाणाऱ्या मुलाची स्वमग्नता आपल्याकडे क्वचितच ओळखली जाई. अनेकांना ती कळते मुलाच्या किंवा नातवाच्या तपासणीत. डॉक्टर मुलाच्या सवयी विचारत असतात आणि शेजारी बसलेल्या वडिलांना वाटते, हे तर माझेच वर्णन चालले आहे.

स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतला जन्मापासूनचा फरक आहे. तो रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. लहानपणापासूनचा इतिहास आणि आताचे वागणे पाहून निदान होते. नजरेला नजर देणे, सूचक बोलणे समजणे अवघड जाते. ठरलेल्या क्रमाची ओढ असते. आवाज, उजेड, वास यांचा त्रास जास्त होतो. २०१३ सालच्या ‘डीएसएम-५’ या निदानसंहितेत या संवेदनांच्या तक्रारींनाही निकषांत स्थान मिळाले. तीव्रता मात्र माणसागणिक वेगळी. कुणाला आयुष्यभर आधार लागतो, तर कुणी अवजड वाहनाचा परवाना काढून वीस वर्षे नोकरी करतो.

शाळेच्या बसचे काम अशा माणसाला एका बाजूने सोयीचे असते. तोच मार्ग, तेच थांबे, त्याच वेळा. अवघड असते ते स्टिअरिंगच्या मागचे जग. चाळीस मुलांचा कल्ला, बाहेर हॉर्न, मिरवणुकीचा ढोल आणि त्यातच फोनवर आलेला निरोप, ‘आज तिसरा थांबा नाही, पुढच्या चौकात थांबा.’ बहुतेकांचा मेंदू यातले नको ते बाजूला सारतो. स्वमग्न व्यक्तीला अनेकदा ते साधत नाही. सारे एकदम अंगावर येते. माणूस गप्प होतो, चिडतो किंवा काही क्षण सुचेनासा होतो. हे लपवण्यासाठी दिवसभर ‘सर्वसाधारण’ दिसण्याचा आटापिटा करतो आणि संध्याकाळी पार थकून जातो.

मग अशा माणसाच्या हाती मुले सोपवावीत का? पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातील स्वमग्न तरुण चालकांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे अपघातांचे प्रमाण इतर तरुणांपेक्षा जास्त आढळले नाही. बेफाम वेगामुळे होणारे अपघात तर त्यांच्यात कमी होते. पण दोन ठिकाणी ते कमी पडले: समोरून येणारी वाहने ओलांडून वळताना आणि दुसऱ्या वाहनाला किंवा पादचाऱ्याला वाट देताना. तिकडे असे वळण डावीकडचे असते, आपल्याकडे उजवीकडचे. हा अभ्यास बसचालकांचा नव्हता, त्यामुळे तो फार ताणू नये. तरीही दिशा मिळते. बसमधून उतरलेले मूल गाडीच्या पुढून पळते, तोच क्षण धोक्याचा. तिथे बसमधल्या मावशींनी खाली उतरून मुलाला रस्ता ओलांडून द्यावा आणि त्यांचा हात वर झाल्याशिवाय बस हलू नये. हा नियम प्रत्येक चालकाला लागू हवा. ठरलेला नियम न चुकता पाळणे ही तर अनेक स्वमग्न माणसांची ताकदच असते.

व्यावसायिक परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्यात दृष्टी, श्रवण, हातपाय, फिट्स यांचा विचार होतो. नुसते ‘स्वमग्नता’ हे नाव गाडी चालवण्यास पात्र किंवा अपात्र ठरवत नाही. डॉक्टरांनी सोबतच्या गोष्टी जरूर शोधाव्यात. स्वमग्न व्यक्तींमध्ये फिट्सचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते आणि फिट्स येत असतील तर मुलांची बस चालवता येणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. झोपेच्या तक्रारी, अवधानाचा दोष आणि गुंगी आणणारी औषधे यांचीही चौकशी हवी.

यातून जो पात्र ठरतो, त्याला लागणारी मदत फारशी खर्चीक नसते. मार्गातला बदल आदल्या संध्याकाळी लेखी कळवावा. नवा मार्ग असेल तर रिकामी बस घेऊन एक फेरी मारू द्यावी. गाडी चालू असताना फोन नको. मुलांची शिस्त मावशींनी सांभाळावी. सकाळच्या आणि दुपारच्या फेरीमध्ये पंधरा मिनिटे शांत जागी बसू द्यावे. तक्रार असेल तर टोमणा न मारता नेमके काय चुकले ते सांगावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. सरकारी आस्थापनांवर अशा कर्मचाऱ्याला वाजवी सोयी देण्याचे बंधनही आहे. शाळेच्या बस मात्र बहुधा खासगी मालकांच्या असतात. तिथे ‘मला स्वमग्नता आहे’ असे म्हणताच दुसऱ्या दिवशी किल्ली काढून घेतली जाईल, ही भीती खोटी नाही. म्हणून माणूस गप्प राहतो. आज डोके गरगरते आहे, या गोंगाटात मला सुचत नाही, हेही सांगत नाही. मुलांच्या दृष्टीने धोका आहे तो या गप्प राहण्यात. ज्या मालकाकडे चालक सकाळी ‘आज मला जमणार नाही’ म्हणू शकतो आणि त्याची नोकरी टिकते, त्याच्या बसमध्ये मूल बसवताना पालकांनी कमी काळजी करावी.

थांब्यावर ‘हं’ एवढेच म्हणणारे काका दुपारी बस रिकामी झाली की पुन्हा मागच्या बाकापर्यंत जातात. एखादे मूल झोपून राहिले नाही ना, हे पाहूनच दार लावतात.