रस्ट प्रोग्रामिंग भाषा : एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात

फ्रॉम : कधीच न फसणाऱ्या रूपांतरासाठीचा ट्रेट. फ्रॉम लिहिले की इन्टू आपोआप मिळते. उलट होत नाही. म्हणून लिहायचे ते फ्रॉमच. त्रुटी वर पाठवणारे प्रश्नचिन्हही त्रुटीचा प्रकार बदलायला फ्रॉमच वापरते.

ट्रायफ्रॉम : रूपांतर फसू शकते तिथे. उत्तर रिझल्ट म्हणून येते, त्रुटीचा प्रकार आपण ठरवतो. स्थिर रस्टमध्ये २०१९ पासून (आवृत्ती १.३४).

ट्रकमधले उदाहरण : जड वाहनांच्या जे१९३९ प्रमाणकात इंजिनाच्या कूलंटचे तापमान एका बाइटमध्ये येते. ० ते २५० हे खरे वाचन. त्यातून ४० वजा केले की अंश सेल्सिअस, म्हणजे उणे ४० ते २१०. २५४ म्हणजे बिघाड, २५५ म्हणजे माहिती उपलब्ध नाही. इथे फ्रॉम लिहिले तर तुटलेला सेन्सर २१४ अंश दाखवेल. ट्रायफ्रॉमच हवे.

ॲज : तक्रार न करता आकडा कापते. ३०० चे आठ-बिटी रूपांतर ४४. लहान प्रकारात जाताना टाळावे.

फ्रॉमएसटीआर : मजकुरातून मूल्य, पार्स याच्याच आधाराने चालते.

ॲजरेफ : नवे मूल्य न बनवता फक्त संदर्भ उसना देते.

मेथडच्या नावांचा संकेत : ॲज_ फुकट, टू_ खर्चिक, इन्टू_ मालकी घेणारे.

अनाथ नियम : ट्रेट आणि त्यातले सगळे प्रकार परके असतील तर अंमलबजावणी लिहिता येत नाही. उपाय : परका प्रकार आपल्या स्ट्रक्टमध्ये गुंडाळणे.