यंत्राला दिलेली चिठ्ठी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

भिवंडीत यंत्रमागांची खडखड ऐकतच मी हिशेब लिहायला शिकलो. सुरुवातीला कीर्द आणि खतावणीच्या लाल वह्या होत्या. मग संगणकावर टॅली आली आणि २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला. आता आमच्या कार्यालयात एक नवा कारकून आला आहे. तो चहा पीत नाही, रजा मागत नाही आणि दिसतही नाही. त्याला एआय एजंट म्हणतात.

हा एजंट कागद वाचतो आणि पुढे काय करायचे ते ठरवतो. पण हिशेबाच्या वहीला तो स्वतः हात लावू शकत नाही. त्यासाठी त्याला साधने द्यावी लागतात. एक साधन विक्रीची नोंद करते, दुसरे खात्याची बाकी सांगते. प्रत्येक साधनाला एक नाव, चार ओळींचे वर्णन आणि लागणाऱ्या माहितीची यादी जोडलेली असते. अशी साधने जोडण्याची एक सामाईक पद्धत अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. साधनाच्या पोटात काय आहे ते एजंटाला दिसत नाही. त्याच्या हाती असते ते फक्त वर्णन, म्हणजे आपण लिहिलेली चिठ्ठी.

ही चिठ्ठी मी पहिल्यांदा घाईत लिहिली. खरेदीच्या साधनापुढे लिहिले, ‘आलेल्या मालाची नोंद करते.’ वाक्यात चूक काहीच नव्हती. पण आमच्याकडे बरेच कारखानदार जॉबवर कापड विणतात. व्यापारी सूत पाठवतो, कारखानदार विणून देतो आणि मजुरी घेतो. सूत शेवटपर्यंत व्यापाऱ्याचेच असते. ते चलनावर येते, बिलावर नाही. एजंटाने चलन पाहिले, माल आला हे वाचले आणि खरेदी टाकली. महिनाअखेरीस मालकांनी देण्यांची यादी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. ज्या व्यापाऱ्याकडून मजुरी येणे होती, त्यालाच लाखो रुपये देणे दिसत होते. शिल्लक मालातही परक्याचे सूत मिसळले होते. ती यादी तशीच बँकेत गेली असती तर?

दोष यंत्राचा नव्हता. मी चिठ्ठी पुन्हा लिहिली. ‘माल आपल्या मालकीचा होत असेल आणि पुरवठादाराचे बिल हाती असेल, तेव्हाच हे साधन वापरावे. जॉबसाठी आलेले सूत किंवा बीम येथे नोंदवू नये. त्यासाठी जॉबचा माल आवक हे साधन आहे. कागद बिल आहे की चलन हे कळत नसेल, तर नोंद न करता विचारावे.’ साधन कशासाठी आहे हे सांगण्याइतकेच ते कशासाठी नाही हे सांगणे महत्त्वाचे, हे तेव्हा कळले.

शब्दांचेही तसेच. ‘जमा’ हा साधा शब्द घ्या. बँकेच्या पासबुकात जमा म्हणजे आपले पैसे आले. आपल्या वहीत मात्र तीच रक्कम बँक खात्याच्या नावे पडते. म्हणून रकमेपुढे नुसते ‘जमा की नावे’ विचारून भागत नाही. कोणाच्या वहीप्रमाणे, तेही लिहावे लागते. तारखेचे पाहा. ०३/०४ ही ३ एप्रिल की ४ मार्च? एक चालू आर्थिक वर्षात, दुसरी मागच्या. तेव्हा आधी दिवस, मग महिना, मग पूर्ण वर्ष असे सांगून एक नमुना द्यावा. कापड ताक्यात मोजायचे की मीटरमध्ये, तेही स्पष्ट हवे, कारण सगळे ताके सारख्या लांबीचे नसतात.

साधन अडले, तर त्याचे उत्तरही उपयोगी हवे. ‘चूक झाली’ एवढ्याने एजंट तीच नोंद पुन्हा पाठवतो. ‘या नावाची दोन खाती आहेत, जीएसटी क्रमांक द्या’ असे सांगितले की तो नेमके तेच शोधतो. शिवाय वही वाचण्याची साधने वेगळी आणि लिहिण्याची वेगळी ठेवावीत. लिहिणाऱ्या साधनाने आधी कच्ची नोंद करावी, पक्की माणसाने करावी.

तुम्ही म्हणाल, एवढे कसे सुचावे? माझी कसोटी सोपी आहे. आपला धंदा ठाऊक नसलेल्या नव्या कारकुनाला ती चिठ्ठी द्यावी. तो जो प्रश्न विचारेल, त्याचे उत्तर चिठ्ठीत राहून गेले आहे असे समजावे. पूर्वी नव्या माणसाशेजारी जुने मुनीम महिनोन्‌महिने बसत. या कारकुनाशेजारी कोणी बसत नाही.

नव्या चिठ्ठीनंतर मी तीच जुनी चलने एजंटापुढे पुन्हा ठेवली. सूत योग्य जागी गेले. दोन कागद अस्पष्ट होते. त्यांची नोंद न करता त्याने मला विचारले, ‘हे बिल आहे की चलन?’ मी कपाटातून मूळ कागद काढले आणि चष्मा पुसून वाचायला बसलो.