दोन भाषांची कमाई

घरात हैतियन क्रियोल, शाळेत इंग्रजी. आईला दवाखान्यात न्यायचं झालं की डॉक्टरांचं आईला सांगायचं आणि आईचं डॉक्टरांना. अमेरिकेत स्थलांतरितांच्या कितीतरी मुली हे काम करत मोठ्या झाल्या. त्याचा मोबदला कुणी दिला नाही, आणि हे कौशल्य आहे असंही कुणी त्यांना सांगितलं नाही. पुढे त्यांतल्या अनेकींच्या वाट्याला साफसफाईची किंवा तुटपुंज्या पगाराची कामं आली.

बोस्टनमध्ये २०११ साली मारिया वर्टकिन यांनी ‘फाउंड इन ट्रान्सलेशन’ ही संस्था अशाच बायकांसाठी सुरू केली. अल्प उत्पन्न गटातल्या आणि बेघर बायकांना इथे वैद्यकीय दुभाषी होण्याचं प्रशिक्षण विनामूल्य मिळतं.

प्रवेशाचा अर्ज मोठा बोलका आहे. एरवी अर्जात जी गरिबी लपवावीशी वाटते, ती इथे पात्रतेची अट. दुसरी अट भाषेची, आणि तिथे मात्र सवलत नाही. इंग्रजी आणि आपली भाषा, दोन्हींवर पकड हवी. जागा थोड्या आणि अर्ज कितीतरी अधिक असल्यामुळे निवड कसून होते.

निवड झाल्यावर खरा प्रश्न उभा राहतो: वर्गाला यायचं कसं? लहान मूल कुणाकडे ठेवायचं, येण्याजाण्याचा खर्च कुठून करायचा? हुशार बाईचं शिक्षण अनेकदा इथेच अडतं. संस्थेने नेमकं हेच ओळखून मुलांना सांभाळण्याची सोय केली, प्रवासखर्चाला मदत दिली आणि पुढे नोकरी शोधतानाही साथ दिली. फी माफ करून थांबणाऱ्या योजना पुष्कळ असतात. या संस्थेचं मोठेपण त्यापुढच्या कामात आहे.

वर्गात शरीररचना, आजार, औषधं यांची परिभाषा येतेच. पण अवघड असते ती शिस्त. रुग्ण म्हणाली, ‘माझ्या छातीत दुखतंय,’ तर दुभाषीनेही ‘माझ्या’ असंच म्हणायचं, ‘हिच्या’ नाही. काही गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. वाईट निदान सौम्य करून सांगायचं नाही. रुग्ण आपल्याच वस्तीतली, ओळखीची असली तरी ऐकलेलं बाहेर जाता कामा नये. आजवर आईची बाजू घेऊन बोललेल्या मुलीला हे शिकणं सोपं नसणार.

या शिस्तीचं मोल संशोधनातही दिसलं आहे. ग्लेन फ्लोरेस आणि सहकाऱ्यांनी २००३ च्या अभ्यासात स्पॅनिशभाषक बालरुग्णांच्या १३ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. प्रत्येक भेटीत भाषांतराच्या सरासरी ३१ चुका निघाल्या, आणि त्यांतल्या ६३ टक्के उपचारांवर परिणाम करू शकतील अशा होत्या. एका भेटीत तर दुभाषी म्हणून रुग्णाचं अकरा वर्षांचं भावंड होतं. २०१२ च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात, किमान १०० तासांचं प्रशिक्षण घेतलेल्या दुभाषींच्या चुकांपैकी अशा गंभीर चुका फक्त २ टक्के होत्या. त्याहून कमी प्रशिक्षण झालेल्यांच्या बाबतीत हे प्रमाण १२ टक्के होतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षांना बसायला मात्र ४० तास पुरतात. या आकड्यांपुढे ही अट फारच तोकडी वाटते.

मराठीत बोलणाऱ्या दुभाषीलाही या व्यवसायात वाट आहे. भाषेगणिक तोंडी परीक्षा मोजक्याच भाषांत होतात, त्यांत मराठी नाही. पण ‘कोअर-सीएचआय’ ही इंग्रजीतून होणारी परीक्षा कुठल्याही भाषेच्या दुभाषीला देता येते. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेलेली आई तिकडे आजारी पडली, तर अशी दुभाषी लाभणं किती मोलाचं!

अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवणारा अध्यक्षीय आदेश निघाला आणि भाषासाहाय्याबाबतचा २००० सालचा आदेश रद्द झाला. बोस्टन ज्या राज्यात आहे, त्या मॅसॅच्युसेट्सचा स्वतःचा कायदा मात्र वेगळा आहे. जुलै २००१ पासून लागू झालेल्या या कायद्याने रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत सक्षम दुभाषी पुरवणं बंधनकारक केलं. रात्री-अपरात्री रुग्ण येतो तेव्हा ही जबाबदारी रुग्णालयावर असते, सोबत आलेल्या लेकीवर नाही.