पाच प्रश्नांचे भाषांतर

स्वतःहून उपासमार ओढवून घेण्याची व्याधी फ्रेंच वैद्यकास नवी नाही. शार्ल लासेग यांनी १८७३ मध्येच पॅरिसला तिचे वर्णन केले होते. अडचण आहे ती रोग ओळखण्याची. रोगी तो दडवितो आणि डॉक्टरपाशी वेळ थोडा असतो. यासाठी लंडनच्या मॉर्गन, रीड व लेसी यांनी १९९९ मध्ये 'स्कॉफ' ही पाच प्रश्नांची चाळणी सिद्ध केली. पोट जड झाल्याने मुद्दाम ओकारी काढता काय? खाण्यावरचा ताबा सुटल्याची चिंता वाटते काय? तीन महिन्यांत एक 'स्टोन'हून अधिक वजन घटले काय? लोक कृश म्हणत असता स्वतःला लठ्ठ समजता काय? अन्नाने आयुष्य व्यापले आहे काय? दोन होकार आले की संशयास जागा.

हे फ्रेंचमध्ये नेणे वरकरणी तासाभराचे काम. पण 'स्टोन' म्हणजे चौदा पौंड. फ्रेंच माणसास त्याचा बोध कसा व्हावा? तेथे सहा किलो आले, म्हणजे मोजमापच किंचित बदलले. 'सिक' हा शब्द ब्रिटिश कानाला ओकारी सुचवितो, अमेरिकन कानाला नुसता आजार. फ्रेंचमध्ये ओकारीच स्पष्ट म्हणावी लागली. आद्याक्षरांतून साधलेला, बकाबका खाण्यावरचा श्लेष मात्र वाटेतच गळाला. त्याची फारशी खंत नको.

भाषांतर झाले म्हणून चाळणी विश्वसनीय ठरत नाही. रूआँ येथील संशोधकांनी २०१० च्या सुमारास फ्रेंच प्रश्नावली पारखली. अशा पारखणीत प्रश्नावलीचा कौल तज्ज्ञांच्या स्वतंत्र निदानाशी ताडून पाहतात. मूळ इंग्रजी चाचणीत ११६ रुग्ण स्त्रियांपैकी एकही सुटली नव्हती. ९६ निरोगी स्त्रियांपैकी १२ जणींवर मात्र नाहक संशय आला होता. हे प्रमाण आठांत एक. समजा, हजार विद्यार्थिनींत वीसच रोगी आहेत. तर उरलेल्या ९८० पैकी सुमारे १२२ निरोगी मुली त्या वीसजणींबरोबर चाळणीत अडकतील. रुग्णालयात उत्तम ठरलेली प्रश्नावली महाविद्यालयात अशी वागते. म्हणून तिच्या होकाराला निदान मानता येत नाही.

याहून अवघड आहे सुटलेल्या रोग्याचा शोध. एखादा शब्द परका किंवा बोचरा वाटला की रोगी मुलगी 'नाही' लिहून मोकळी होते. होकार देणाऱ्यांनाच मुलाखतीस बोलाविले तर तिचा पत्ता कधीच लागणार नाही. पारखणी करताना नकार देणाऱ्यांनाही तपासावे लागते ते यासाठी, आणि वेळ व पैसा नेमका तेथेच अपुरा पडतो.